फडक्याआधी पाणी

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे गाडीच्या रंगाविषयी आहेत. गाडी घरी कशी धुवावी, मेण कोणते लावावे, पांढरे डाग कसे काढावेत, असे हे प्रश्न आहेत. माझी नोकरीची बहुतेक वर्षे डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात गेली. तेथे अपघातात पोचलेल्या गाड्या जितक्या आल्या, जवळपास तितक्याच गाड्या केवळ पुसण्याने निस्तेज होऊन आल्या. त्यामुळे या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : माझी गडद निळ्या रंगाची गाडी दोन वर्षांची आहे. सोसायटीतील एक जण ती रोज पहाटे ओल्या फडक्याने पुसून जातो. तरीही उन्हात गाडी उभी असली की बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात. कंपनीनेच हलका रंग वापरला असेल का? (एक वाचक, पुणे)

आपण जेथे ‘तरीही’ लिहिले आहे, तेथे ‘त्यामुळेच’ लिहायला हवे होते. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग विजेच्या साह्याने गंजरोधक थर बसवला जातो, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर, ज्याला हल्ली सगळे क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते आणि त्यातला लॅकरचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे आपण रोज ज्याच्यावर फडके फिरवतो ते कवच किती पातळ आहे याची कल्पना येईल.

आता धुळीचे पाहू. आपल्याकडे रस्त्याची खडी, बांधकामाची क्रश सँड, सिमेंट आणि माती यांची मिळून धूळ होते. तिच्यात गारगोटीचे जे बारीक कण असतात ते काचेवरही चरा पाडू शकतात, मग लॅकरची काय कथा. हा कण गाडीवर नुसता पडून राहिला तर काही करत नाही. फडक्याखाली येऊन पुढे ढकलला गेला की चरा उमटतो. पहाटे पुसणाऱ्याकडे दहा-बारा गाड्या, एक बादली आणि प्रत्येक गाडीमागे दोन-तीन मिनिटे असतात. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीवर फिरणारच. यात त्याचा काही दोष नाही, कारण एवढ्या वेळात आणि एवढ्या पाण्यात याहून वेगळे काम कोणालाही करता येणार नाही.

विश्वास बसत नसेल तर त्याचे फडके एका पांढऱ्या ताटलीत पिळून घ्या, दहा मिनिटे ताटली हलवू नका, वरचे पाणी अलगद ओतून द्या आणि तळाला बसलेला गाळ चिमटीत घेऊन चोळून पाहा. जी कचकच बोटांना जाणवेल, तीच रोज आपल्या बोनेटवर फिरत आहे. रेषा गोल दिसतात तो प्रकाशाचा भाग आहे. चरे सगळ्या दिशांनी पडलेले असतात, पण जे प्रकाशाला आडवे असतात तेवढेच चमकतात आणि म्हणून दिव्याभोवती वर्तुळ दिसते. रात्री मोबाइलचा टॉर्च बोनेटवर धरून हळूहळू सरकवलात तर वर्तुळही बरोबर सरकताना दिसेल.

माझा सल्ला असा, की पुसणाऱ्याचे काम बंद करू नका, त्याचे स्वरूप बदला. रोज फक्त काचा आणि आरसे पुसायला सांगा आणि आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी वापरून नीट धुवायला सांगा. मोबदला तोच ठेवा आणि तुमच्या गाडीपुरती दोन मायक्रोफायबरची फडकी तुम्हीच आणून द्या. पत्र्यावर धूळ दिसत राहील, पण चार दिवसांची धूळ चार दिवसांच्या चऱ्यांपेक्षा पुष्कळ बरी. आधीच पडलेले चरे पॉलिशने बऱ्याच अंशी जातात. मात्र पॉलिश म्हणजे लॅकरचाच थोडा अंश घासून काढणे असल्याने, पुसण्याची सवय बदलल्यानंतरच ते एकदा करून घ्यावे.

प्रश्न : आम्ही रविवारी गाडी घरी धुतो. शांपू महाग वाटतो म्हणून कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा द्रव साबण वापरतो. त्याने नुकसान होते का? धुण्याचा योग्य क्रमही सांगावा. (एक वाचिका, नाशिक)

कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते आणि तेलकटपणा तोडण्यासाठीच बनवलेली असते. भांड्यांचा साबणही तेलकटपणा काढण्यासाठीच असतो. गाडीवर तुम्ही मेण लावले असेल तर ते या दोन्हींमुळे भराभर उतरते आणि रबरी पट्ट्या हळूहळू कोरड्या पडत जातात. एखाद्या वेळी वापरल्याने रंग जात नाही, पण दर रविवारी वापरणे टाळावे. गाडीचा शांपू सौम्य असतो आणि त्याचा मुख्य उपयोग बुळबुळीतपणा हा आहे. त्या बुळबुळीत थरामुळे मातीचा कण लॅकरला न घासता फडक्यात सरकतो. बादलीभर पाण्याला एक-दोन झाकणे शांपू पुरतो, त्यामुळे एक बाटली अनेक महिने जाते.

गाडी सावलीत आणून बोनेट हाताला गार लागेपर्यंत थांबावे. चाके आधी धुवावीत, कारण सर्वांत जास्त घाण आणि ब्रेकची धातुमिश्रित भुकटी तेथेच असते. त्यासाठी ब्रश आणि बादली वेगळीच ठेवावी. मग टपापासून खालपर्यंत नुसत्या पाण्याने गाडी भिजवावी आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा पाणी मारावे. माझ्या मते सगळ्या धुण्यात ही पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि नेमकी तीच घाईत गाळली जाते. वाळलेली माती पाणी पिऊन सुटायला वेळ घेते, आणि जेवढी माती पाण्याने निघून जाईल तेवढी फडक्याखाली येत नाही.

त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शांपूचे पाणी आणि दुसरीत साधे. मायक्रोफायबरचा हातमोजा किंवा जाड फडके शांपूत बुडवून टप, काचा, बोनेट, डिकी आणि दारांचा वरचा अर्धा भाग या क्रमाने सरळ रेषेत, दाब न देता फिरवावे. प्रत्येक भाग झाला की फडके साध्या पाण्यात हलवून घ्यावे आणि मगच पुन्हा शांपूत बुडवावे. दारांचा खालचा भाग आणि बंपर सर्वांत शेवटी. फडके जमिनीवर पडले तर ते त्या दिवसापुरते बाद समजावे. कितीही झटकले तरी त्यात अडकलेला खडा निघत नाही, आणि असा एक खडा अख्ख्या दारावर रेघ ओढून जातो हे मी स्वतः पाहिले आहे.

पुसताना घासू नये. मोठे, जाड मायक्रोफायबरचे फडके ओल्या पत्र्यावर पसरावे आणि दोन टोके धरून आपल्याकडे हळू ओढावे, पाणी ते स्वतः शोषून घेते. ही फडकी इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत आणि त्यांना कपडे मऊ करणारे द्रावण लावू नये, कारण त्याने तंतू बुजतात आणि फडके पाणी शोषेनासे होते. घरी दाबाच्या पाण्याचे यंत्र असेल तर नोझल पत्र्यापासून हातभर दूर ठेवावे आणि जेथे रंगाचा टवका उडालेला आहे तेथे धार मारू नये, नाहीतर टवका मोठा होतो.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. गाडी धुतली की काचांवर आणि काळ्या पत्र्यावर पांढरे ठिपके राहतात. ते कशाने जातील? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार आहेत. पाणी उडून जाते आणि क्षार तेथेच राहतात, आपल्या घरातील नळावर आणि गिझरच्या कॉइलवर जसे साचतात तसेच. ठिपके ताजे असतील तर पांढरे व्हिनेगर आणि तेवढेच साधे पाणी एकत्र करून त्यात भिजवलेले फडके गार पत्र्यावर दोन मिनिटे ठेवावे, अलगद पुसावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. तेथले मेणही त्याबरोबर जाते, ते पुन्हा लावावे लागते. ठिपका उन्हात वारंवार तापून लॅकरमध्ये खड्डा पडला असेल तर व्हिनेगरचा उपयोग होत नाही. तेथे पॉलिशच करावे लागते.

यापुढे शेवटची खंगाळणी तरी पिण्याच्या, किंवा पावसाळ्यात साठवलेल्या छताच्या पाण्याने करा. दहा लिटर पुरतात. आणि गाडी ओली ठेवून चहाला जाऊ नका. बोअरच्या पाण्यात धुतलेली गाडी ताबडतोब पुसलीच पाहिजे.

प्रश्न : घरासमोर कलमी आंबा आहे आणि गाडी त्याखालीच उभी राहते. मोहराच्या दिवसांत टपावर चिकट थर बसतो. पक्ष्यांची विष्ठाही पडते. झाड तर तोडायचे नाही. काय करावे? (एक वाचक, रत्नागिरी)

झाड तोडायचे नाही हे आपण लिहिलेत, ते वाचून बरे वाटले. मोहराच्या दिवसांतला चिकटा बहुतेक वेळा झाडाचा चीक नसून तुडतुड्यांचा गोड स्राव असतो. तुडतुडे मोहराचा रस शोषतात आणि जास्तीची साखर खाली टाकतात. तो साखरेचाच असल्याने ताजा असताना कोमट पाण्याने सहज विरघळतो. आठवडाभर राहिला तर त्यावर धूळ बसते, काळी बुरशी धरते आणि मग काढताना घासावे लागते. मोहर असेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी टपावर आणि बोनेटवर पाणी ओतले तरी काम भागते. रस्त्याकडेच्या मोठ्या वर्षावृक्षांखालीही असाच चिकटा पडतो आणि तेथेही हाच उपाय लागू आहे.

पक्ष्यांच्या विष्ठेला मात्र दोन दिवस देऊ नयेत. तिच्यात युरिक आम्ल असते, आणि ऊन लागल्यावर पत्रा तापतो, लॅकर किंचित मऊ पडते आणि डाग आत शिरतो. सकाळी पडलेली विष्ठा दुपारच्या उन्हाआधी काढावी. नखाने खरवडू नये आणि कोरड्या फडक्याने पुसू नये, कारण त्यात बिया आणि खड्यांचे कण असतात. ओला कागदी रुमाल त्यावर पाच मिनिटे ठेवावा आणि मग तो चिमटीत धरून वर उचलावा. बहुतेक सगळी विष्ठा कागदाबरोबर येते. मी गाडीच्या दाराच्या कप्प्यात पाण्याची छोटी बाटली आणि कागदी रुमाल याचसाठी कायम ठेवतो. जांभळाखाली उभ्या केलेल्या गाडीवरचे जांभळे डाग आणि रात्री वटवाघळांनी केलेली घाण यांनाही हाच नियम लावावा.

आपण समुद्राजवळ राहता म्हणून एक गोष्ट जास्तीची सांगतो. खारट हवेचा त्रास वरच्या रंगापेक्षा खालच्या पत्र्याला आणि टवका उडालेल्या जागेला अधिक होतो. आठवड्यातून एकदा चाकांच्या कमानींत आणि गाडीच्या पोटाखाली साधे पाणी मारा. दारांच्या खालच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती पालापाचोळ्याने बुजतात आणि दार आतून गंजते. बाहेरून फुगलेला रंग दिसू लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. झाडूची एक काडी घेऊन ती भोके मोकळी करायला दोन मिनिटे लागतात.

प्रश्न : पॉलिश, वॅक्स आणि सिरॅमिक कोटिंग यांत फरक काय? नवी गाडी घेताना ‘९एच सिरॅमिक, ओरखडा पडणार नाही’ असे सांगून मोठी रक्कम मागितली जाते. ती द्यावी का? (एक वाचक, ठाणे)

पॉलिश काढते आणि मेण चढवते, इतका फरक आधी मनात पक्का करावा. पॉलिशमध्ये अतिशय बारीक घासणारी भुकटी असते. ती चऱ्याभोवतीचे लॅकर झिजवून पृष्ठभाग सपाट करते आणि त्यामुळे चमक येते. ही चमक लॅकरची जाडी खर्चून मिळवलेली असते. ‘कंपाऊंड मारणे’ हा त्याचाच अधिक खरखरीत प्रकार. दर सर्व्हिसिंगला फुकट मिळते म्हणून मशीनने पॉलिश करून घेणाऱ्यांच्या गाडीच्या कडांवरचा रंग काही वर्षांत उघडा पडलेला मी पाहिला आहे, कारण कडेवर मशीनचा दाब सर्वांत जास्त येतो.

मेण वरच बसते. उत्तम नैसर्गिक मेण कार्नौबा नावाच्या, ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या ताडाच्या पानांवरून मिळते. ते साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते आणि गडद रंगाला सुंदर ओलसर झळाळी देते, पण आपल्या उन्हात ते एक-दोन महिन्यांपलीकडे फारसे टिकत नाही. कृत्रिम सीलंट, म्हणजे मेणासारखाच वर बसणारा रासायनिक थर, तीन ते सहा महिने टिकते. गाडी उघड्यावर राहत असेल तर मी सीलंट सुचवतो: एकदा मेअखेर पावसाच्या आधी आणि एकदा दिवाळीनंतर.

लावण्याआधी धुतलेल्या बोनेटवर, हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून, बोटे फिरवून पाहा. पिशवीतून खरखर जाणवली तर धुण्याने न निघालेले कण रंगाला चिकटलेले आहेत; ते क्ले बारने (असे कण उचलून घेणारी मळलेल्या मातीसारखी मऊ वडी), भरपूर शांपूचे पाणी वापरून, उचलून घ्यावेत. क्ले खाली पडला तर तो टाकून द्यावा, दुसरा इलाज नाही. मग सावलीत, एका वेळी एकच भाग घेऊन, अगदी पातळ थर द्यावा, तो धुरकट दिसू लागला की बोटाने एक रेघ ओढून पाहावी आणि रेघ स्वच्छ उमटली की मऊ फडक्याने पुसून घ्यावे. जाड थर दिल्याने संरक्षण वाढत नाही, पुसण्याचे श्रम वाढतात. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर मेणाचे पांढरे डाग बसतात म्हणून त्यांना आधी कागदी टेप लावावी.

आता सिरॅमिक. त्यात सिलिकावर आधारित द्रव असतो आणि तो लॅकरला घट्ट धरून राहतो. चांगले केलेले काम एक ते तीन वर्षे टिकते, पाणी आणि चिखल सहज घसरतात आणि धुणे सोपे होते. एवढे खरे आहे. ओरखडा पडणार नाही, हे खरे नाही. ‘९एच’ हा आकडा पेन्सिलच्या टणकपणाचा आहे. कोणत्या शिशाने चरा पडतो हे पाहण्याच्या चाचणीतून तो येतो आणि खनिजांच्या काठिण्याशी त्याचा संबंध नाही. गारगोटीचा कण त्यालाही चरा पाडतो. थर एक-दोन मायक्रॉनचाच असतो. ज्यांना महिन्यातून एकदाही मेण लावायला सवड नाही आणि जे धुण्याची शिस्त पाळतात त्यांनी सिरॅमिक करावे. पण गाडी त्याच एका बादलीच्या फडक्याने पुसली जाणार असेल तर ती रक्कम वाचवावी. करायचेच असेल तर बाहेर चौकशी करा आणि थर देण्याआधी चरे काढणार का, हे विचारा, कारण आधीचे चरे त्याखाली जसेच्या तसे बंद होतात.

प्रश्न : आमच्या गावात उन्हाळ्यात पाणी आठवड्याने येते. गाडी धुण्यासाठी पाणी वापरायला मन धजत नाही. कोरडी झटकली तर चालेल का? (एक वाचिका, लातूर)

मन धजत नाही हे योग्यच आहे. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे गाडीसाठी नळ सोडून ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. कोरडे झटकणे मात्र नको. ‘रिन्सलेस’ म्हणून मिळणारे द्रावण वापरा. ते न खंगाळता पुसण्यासाठी बनवलेले असते. प्रमाण बाटलीवर पाहावे. अनेक द्रावणांना सुमारे दहा लिटर पाण्यात ४० मिलिलिटर पुरते. आधी हेच पाणी फवारणीच्या बाटलीतून पत्र्यावर मारावे आणि माती सुटेपर्यंत थांबावे. मग आठ-दहा लहान फडकी त्यात भिजवून, एकेका फडक्याची घडी उलटत, प्रत्येक भागाला स्वच्छ बाजू लावावी आणि मळलेले फडके पुन्हा बादलीत बुडवू नये. साधारण अर्धी बादली पुरते. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा एवढे केले आणि मधल्या काळात फक्त काचा पुसल्या, तर रंगाला काही होत नाही. गाडी चिखलाने माखलेली असेल तर मात्र ही पद्धत वापरू नये.

प्रश्न : दसऱ्याला गाडीची पूजा केली. बंपरवर कुंकवाचे स्वस्तिक काढले होते, त्याचा डाग राहिला आहे. बंपर त्याआधी आठवडाभरच नव्याने रंगवला होता. मेण लावून डाग झाकू का? (एक वाचक, कोल्हापूर)

मेण आत्ता लावू नका. कारखान्यातला रंग मोठ्या भट्टीत भाजलेला असतो, म्हणून नव्या गाडीला लगेच मेण चालते. गॅरेजात दिलेल्या रंगातील द्रावके मात्र पुढे कित्येक दिवस बाहेर पडत असतात आणि त्यांना वाट मोकळी हवी. ज्यांनी रंगवले त्यांना विचारून एक ते तीन महिने थांबावे. तोवर फक्त साधे पाणी आणि सौम्य शांपू वापरावा. ताज्या रंगाने कुंकवाचा रंग धरला असण्याची शक्यता अधिक, म्हणून रंगवणाऱ्याला तो डाग दाखवा आणि स्वतः घासू नका.

हळदीचा पिवळा डाग उन्हाने आपोआप फिका होतो. कृत्रिम रंग घातलेले कुंकू तसे जात नाही. पुढच्या वर्षी स्वस्तिक पुढच्या काचेवर एका कोपऱ्यात काढा आणि संध्याकाळी ते पाण्याने धुऊन घ्या. झेंडूचा हार तारेत ओवलेला नसून दोऱ्यात ओवलेला घ्या, कारण वाऱ्याने हलणारी तार बोनेटवर चांगलीच खोल रेघ पाडते.

प्रश्न : पावसाळ्यात गाडीवर कव्हर घालावे की नाही? (एक वाचिका, सावंतवाडी)

उघड्यावर राहणाऱ्या गाडीवर पावसाळ्यात घालू नये. तांबड्या मातीचे शिंतोडे गाडीवर असताना कव्हर चढवले की वाऱ्याने ते फडफडते आणि आतून रात्रभर घासत राहते; ओल कोंडते ती वेगळीच. वाहत्या पावसाने रंगाचे नुकसान होत नाही. छपराखाली महिनाभर गाडी उभी ठेवायची असेल, तर ती धुऊन आणि पूर्ण वाळवून हवा खेळेल असे सुती अस्तराचे कव्हर घालावे, आणि काढताना ते ओढून न घेता दोघांनी मिळून, धूळ आत राहील अशा बेताने, मध्याकडे घडी घालत उचलावे.